वास्तू, वापर आणि पश्चात्ताप
(बडोद्यातील एका राजवाड्याचा व एका घराचा अभ्यास)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधताना माणसाची किती ओढाताण होते, हे तीत नेमके सांगितले आहे. परंतु घर एकदा बांधून झाले म्हणजे त्यावरचा खर्च संपत नाही. दहा-पंधरा वर्षे गेली की घर जुने वाटू लागते, हाती थोडा पैसा आलेला असतो आणि मग घराची ‘सुधारणा’ सुरू होते. फरशी उखडली जाते, छताखाली दुसरे छत येते, न्हाणीघराचे रूप पालटते. वर्षा-दोन वर्षांनी मात्र त्याच घरातील माणसे हळू आवाजात म्हणतात, ‘एवढा पैसा घातला, पण वापर काही होत नाही.’

हा उद्गार घरगुती असला तरी त्यामागचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. वस्तूची उपयोगिता कशी मोजावी? एकदा खर्च झालेल्या पैशाचा पुढील निर्णयाशी काय संबंध असतो? क्वचित वापरली जाणारी प्रत्येक वस्तू व्यर्थ म्हणावी काय? वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे प्रश्न पुस्तकात भेटतात. प्रस्तुत लेखात ते बडोदे शहरातील दोन वास्तूंच्या आधारे तपासून पाहिले आहेत. एक वास्तू राजाची आहे, दुसरी माझ्या मावशीची.

मकरपुऱ्याचा राजवाडा

बडोद्याच्या दक्षिणेस मकरपुरा आहे. खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) तेथे उन्हाळ्यात राहण्यासाठी इटालियन धाटणीचा राजवाडा उभा राहिला. पुढे सयाजीराव महाराजांनी (तिसरे) रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाकडून त्याचा विस्तार करवून घेतला. आजच्या भाषेत बोलायचे तर हे जुन्या घराचे नूतनीकरणच होते.

हेतू वावगा नव्हता. वैशाख-ज्येष्ठात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. शहराच्या गजबजाटापासून दूर, झाडांच्या सावलीत एखादे घर असावे, असे कोणालाही वाटेल. तरीही हा राजवाडा फारच थोडा वापरला गेला, कारण राजघराणे उन्हाळ्यासाठी निलगिरीतील उटीला जाणे पसंत करू लागले. उटी समुद्रसपाटीपासून २२०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील हवेशी मकरपुऱ्याची झाडे काय स्पर्धा करणार? शिवाय प्रवास सोपा होत होता. निलगिरीची रेल्वे १८९९ साली कुन्नूरपर्यंत आणि १९०८ साली उटीपर्यंत पोहोचली. सयाजीरावांचा युरोपचा पहिला प्रवास १८८७ सालचा; त्यानंतर ते वारंवार परदेशी जात राहिले. गरज होती थंड हवेची. ती दुसरीकडे अधिक चांगली भागू लागली, आणि दगड-चुन्यात घातलेला पैसा जागच्या जागी राहिला.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की सयाजीराव हे उधळे राजे म्हणून प्रसिद्ध नाहीत. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, कवळाण्याहून दत्तक आलेल्या आणि १८८१ साली पूर्ण अधिकार हाती घेतलेल्या या राजाने सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला व १९०६ साली तो साऱ्या राज्यात नेला. आजव्याचे सयाजी सरोवर त्यांच्याच काळातले. त्याचे पाणी आजही बडोद्याच्या एका भागात नळाला येते. सरोवर आणि राजवाडा ही दोन्ही बांधकामेच. परंतु एकाचा वापर शंभराहून अधिक वर्षे रोज होतो आहे, तर दुसऱ्याचा ज्या कामासाठी ते बांधले त्या कामासाठी जेमतेम झाला. एवढ्या हिशेबी माणसाच्या हातूनही असे घडते, तर तुमच्या-आमच्या हातून घडले यात नवल नाही.

मावशीच्या घराचा हिशेब

आता दुसरी वास्तू. माझी मावशी लग्न होऊन बडोद्याला गेली त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली. तिच्या मराठीत आता ‘ओटला’ आणि ‘बारणू’ सहज येतात. विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या समा भागात तिचे बैठे घर आहे. पुढे ओटला, आत पितळी कड्यांचा झोपाळा. काका निवृत्त झाले आणि २०१८ साली त्यांनी घराचे काम काढले. सगळा मिळून अकरा लाख रुपये खर्च आला. काकांची वही मी त्यांच्या परवानगीने पाहिली आहे. तीतील चार नोंदी येथे देतो.

पहिली नोंद न्हाणीघरातील टबाची. नळजोडणीसह ६५,००० रुपये. सहा वर्षांत त्यात नऊ वेळा आंघोळ झाली, तीही अमेरिकेहून आलेल्या नातवाची. म्हणजे एका आंघोळीस सात हजार रुपयांहून अधिक पडले.

दुसरी नोंद बैठकीच्या खोलीतील खोट्या छताची व त्यातील रंगीत दिव्यांची. १,२०,००० रुपये. दिवे दिवाळीत लागतात. एरवी मावशी म्हणते, ‘डोळ्यांवर येतात रे, आणि बिलही येतं.’

तिसरी नोंद माडीवरील नव्या खोलीची. मुलगा, सून आणि नातू आले म्हणजे त्यांना अडचण नको, म्हणून स्वतंत्र न्हाणीघरासह ४,५०,००० रुपये. सहा वर्षांत मुलाचे कुटुंब तेथे २६ रात्री राहिले. एका रात्रीचा खर्च सतरा हजारांवर गेला. हीच रक्कम शेकडा ७ दराने ठेवीत असती तर सहा वर्षांचे सरळव्याज १,८९,००० रुपये झाले असते. यालाच आपण वैकल्पिक परिव्यय म्हणतो. तो धरला तर रात्रीचा दर साडेचोवीस हजारांपुढे जातो. माडीमुळे घराची किंमत वाढली हे मान्य. घर विकले तर काही रक्कम परत येईल. टबाची आणि छताची येणार नाही.

चौथी नोंद झोपाळ्याची. नव्या कड्या आणि पॉलिश मिळून ३,५०० रुपये. त्यावर सकाळी काका वर्तमानपत्र वाचतात, दुपारी मावशी भाजी निवडते, संध्याकाळी शेजारपाजार बसतो. सहा वर्षांचे सुमारे २,१९० दिवस धरले तर रोजचे दीड रुपयाच्या आसपास होतात.

वहीत एक पाचवी नोंदही होती, पण ती खोडलेली. माडीच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, १४,००० रुपये. जिन्याला गुळगुळीत ग्रॅनाइट बसवले होते आणि कठड्याने त्याची शोभा जाईल असे कोणीतरी सुचवले, म्हणून तो रद्द झाला. या खोडलेल्या ओळीकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

असा खर्च आपण का करतो?

याची कारणे तीन दिसतात. पहिले कारण शेजाऱ्याशी तुलना. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की पुष्कळसा उपभोग हा वापरण्यासाठी नसून इतरांना दिसावा म्हणून असतो. बडोद्यात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. खंडेरावांच्या चांदीच्या तोफा होत्या. त्यांच्यामागून गादीवर आलेले त्यांचे बंधू मल्हारराव यांनी सोन्याच्या करविल्या. सोन्याच्या तोफेने लढाई मारता येत नाही, पण भावावर मात करता येते. आपल्या घरातील खोटे छत हे पुष्कळदा व्याह्यांच्या घरातील छताला दिलेले उत्तर असते.

दुसरे कारण एका नव्या वस्तूमागून दुसरी ओढली जाणे. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो याने आपल्या जुन्या घरगुती झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला आहे. त्याला एक उंची झगा मिळाला. त्याच्यापुढे खोलीतील मेज, खुर्ची, चित्रे सारेच विजोड दिसू लागले आणि तो एकेक वस्तू बदलत गेला. मावशीकडे हेच झाले. आधी फक्त न्हाणीघराची गळती काढायची होती. गळतीसाठी फरशी उखडली, उखडली म्हणून नवी आणली, नवी आली म्हणून जुने नळ शोभेनात, आणि नळांच्या दुकानातच टब उभा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा प्रकार.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण घर आजच्या दिनक्रमासाठी सजवत नाही. मनातल्या एका दिवसासाठी सजवतो. त्या दिवशी मुले आलेली असतात, पाहुण्यांनी घर भरलेले असते, आपल्याला टबात अर्धा तास पडून राहायला सवड असते. हा दिवस खोटा नसतो, तो येतोही. पण वर्षातून किती वेळा येणार, हे आपण मोजत नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम १८८० साली सुरू झाले आणि १८९० साली पुरे झाले. ज्यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले असे मानतात, त्या पहिल्या चिमणाबाई, पूर्वाश्रमीच्या लक्ष्मीबाई, १८८५ सालीच निवर्तल्या. वास्तू तयार होईपर्यंत माणसे तीच राहतील हे आपण गृहीत धरतो. ते गृहीत नेहमी खरे ठरतेच असे नाही.

बुडीत खर्च आणि ‘वसुली’

पैसा खर्च झाल्यावर पश्चात्ताप टाळण्यासाठी माणूस काय करतो? तो पैसे ‘वसूल’ करू पाहतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओहायो विद्यापीठातील एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग आहे. काही प्रेक्षकांना तिकीट पूर्ण किमतीस दिले, काहींना सवलतीने. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती ते हंगामाच्या पहिल्या भागात नाटकांना अधिक वेळा गेले. नाटके सर्वांना तीच होती, परंतु खिशातून गेलेला पैसा त्यांना नाट्यगृहाकडे ढकलीत होता. हंगामाच्या उत्तरार्धात हा फरक उरला नाही.

मावशीच्या टबाची कहाणी हुबेहूब अशीच आहे. पहिले दोन महिने काका दर रविवारी त्यात पाणी भरत. बादलीच्या आंघोळीस वीस लिटर पाणी पुरते. टबाला त्याच्या कितीतरी पट लागे. आत उतरताना पाय घसरेल ही भीती वाटे, म्हणून ते कठड्यावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत व बाहेर येत. पुढे तेही थांबले. आता नळाला पाणी येणार नसेल त्या दिवशी टबात पाणी साठवतात.

अर्थशास्त्राचा नियम येथे स्पष्ट आहे. जो पैसा कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढील निर्णयाच्या हिशेबात धरू नये. टब वापरला काय आणि न वापरला काय, ६५,००० गेले ते गेले. प्रश्न एवढाच, की आजपासून त्या चार हात जागेचा सर्वांत चांगला उपयोग कोणता? परंतु हा नियम पाळणे जड जाते, कारण टब काढून टाकणे म्हणजे चूक झाली हे घरच्यांसमोर कबूल करणे असते.

मोजमापाची मर्यादा

येथवरचा हिशेब वाचून वाचक म्हणतील, की प्रत्येक खर्चाला वापराच्या संख्येने भागावे आणि मोठा आकडा आला की तो खर्च मूर्खपणाचा ठरवावा. मीही असेच समजत होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ही समजूत बदलली.

त्या महिन्याच्या अखेरीस बडोद्यात अतोनात पाऊस झाला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट मानली जाते. ती नदी सुमारे ३७ फुटांवर गेली. समा भागातील अनेक घरांप्रमाणे मावशीच्या घरातही रात्री पाणी शिरले. वीज गेलेली. पाणी गुडघ्याच्या वर आले तेव्हा काका, मावशी आणि शेजारचे चौघांचे कुटुंब माडीवर चढले. जी खोली आम्ही सारे ‘फुकट गेलेली’ म्हणत होतो तिच्यात सहा माणसे तीन दिवस राहिली. तेथे कोरडी गादी होती, न्हाणीघर होते आणि बाटल्यांत भरून ठेवलेले पाणी होते.

परंतु वर चढताना, ओल्या ग्रॅनाइटवर, अंधारात काकांचा पाय घसरला. धरायला काही नव्हते. त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. रात्रभर मावशीने ओढणीच्या झोळीत तो हात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट आली तेव्हा त्यांना दवाखान्यात नेता आले. त्यांची बोटे अजून पूर्णपणे मिटत नाहीत.

मी भेटायला गेलो तेव्हा खालच्या खोलीत भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. प्लायवूडची कपाटे फुगली होती. झोपाळा वाळवून पुन्हा टांगला होता. काकांनी डाव्या हाताने वही काढली आणि खोडलेली ओळ दाखवली. ‘टबाच्या पैशात असे चार कठडे झाले असते,’ एवढेच ते म्हणाले.

या घटनेने दोन गोष्टी शिकवल्या. क्वचित वापर होणाऱ्या वस्तूंचे दोन प्रकार असतात. काही वस्तू क्वचित लागतात, पण लागतात त्या दिवशी त्यांच्यावाचून भागत नाही. विमा, शिडी, कंदील आणि नदीकाठच्या घराची माडी ही त्यांतली. इतर वस्तू क्वचित लागतात आणि त्या दिवशी नसल्या तरी कोणाचे काही अडत नाही. खोटे छत हे त्याचे उदाहरण. केवळ वापराच्या संख्येने मोजले तर दोन्ही सारख्याच ठरतात. दुसरी गोष्ट अशी, की खरा पश्चात्ताप घेतलेल्या वस्तूचा थोडा आणि तिच्यापायी न घेतलेल्या वस्तूचा अधिक असतो. वैकल्पिक परिव्यय हा शब्द मी वर्गात वीस वर्षे शिकवतो आहे; त्याचा अर्थ त्या खोडलेल्या ओळीने मला समजला.

वापर बदलता येतो

झालेल्या खर्चाचे आता काय करावे? येथे पुन्हा बडोद्याकडेच पाहू. मकरपुऱ्याचा राजवाडा आज भारतीय वायुदलाच्या प्रशिक्षण शाळेकडे आहे. राजघराण्यातील मुलांसाठी बांधलेल्या शाळेच्या इमारतीत महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. सयाजीरावांनी १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना केली तेव्हा स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ त्यास दिले. एका घरात जे थोडे वापरले जात होते ते अनेकांच्या हाती गेल्याबरोबर त्याची उपयोगिता वाढली. ग्रंथाची किंमत तीच राहिली, वाचणारे डोळे वाढले.

मावशीने हा धडा कोणाच्या सांगण्यावाचून गिरवला आहे. माडीच्या खोलीत आता महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुली राहतात. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे. तो साधा लोखंडी आहे आणि दिसायला काही सुंदर नाही. मुलगा येईल तेव्हा कुठे झोपेल, असे मी विचारले. मावशी म्हणाली, ‘अरे, झोपाळ्याखाली गादी टाकू. लहानपणी तिथेच झोपायचा.’

उपसंहार

आपल्याकडे ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे म्हणतात. आपल्या कन्नड भाषिक मित्रांचीही तीच म्हण आहे, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. दोन्ही भाषांनी अंथरुणाची लांबी पाहायला सांगितले आहे. त्यावर कोण आणि किती रात्री झोपणार, हे पाहणे आपल्याकडे राहते. म्हणून घरावर खर्च करण्यापूर्वी पुढील चार प्रश्न कागदावर लिहून काढावेत, असे सुचवावेसे वाटते.

१. ही वस्तू घरातील कोण वापरणार? पाहुण्याचे नाव लिहायचे झाल्यास तो वर्षातून किती दिवस येतो?
२. ती नसेल तर एखाद्या अडचणीच्या दिवशी काय होईल?
३. हिच्यासाठी यादीतील कोणती गोष्ट खोडावी लागत आहे?
४. उद्या गरज बदलली तर हिचा दुसरा काही उपयोग करता येईल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना घाई करू नये. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी आज ना उद्या आईवडिलांच्या घराची सुधारणा करतील. पहिला पगार आल्यावर तशी इच्छा होणे हे चांगल्या मुलाचे लक्षणच आहे. त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस घरीच बसावे आणि आई कोठे वाकते, वडील कोठे भिंतीला हात लावतात, रात्री उठल्यावर कोणता दिवा लावावा लागतो, हे नुसते पाहावे. कोठे पैसा घालावा, याचे पुष्कळसे उत्तर त्यांना तेथेच मिळेल.